दोन गाभ्यांचा लॅपटॉप-प्रोसेसर : एका माघारीचा इतिहास

१

२००६ सालच्या जानेवारी महिन्यात इंटेल कंपनीने 'कोअर ड्युओ' या नावाचा, लॅपटॉपसाठी घडविलेला एक प्रोसेसर बाजारात आणला. कंपनीच्या अंतर्गत व्यवहारात त्याचे सांकेतिक नाव 'योना' असे होते. सिलिकॉनच्या सुमारे ९० चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाच्या एकाच तुकड्यावर, प्रोग्राममधील सूचना स्वतंत्रपणे पार पाडू शकणाऱ्या दोन संपूर्ण यंत्रणा त्यात बसविलेल्या होत्या. अशा प्रत्येक यंत्रणेस 'कोअर' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'गाभा' हा शब्द योजिला आहे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये 'कोअर २ ड्युओ' हा त्याचा वारस आला, आणि थोड्याच काळात दोन गाभ्यांचा प्रोसेसर ही लॅपटॉपच्या बाबतीत सर्वसाधारण गोष्ट होऊन गेली.

त्या काळचा एखादा लॅपटॉप आज अभ्यासासाठी समोर घेतला, तर त्याच्या माहितीपत्रकावरील एक आकडा अभ्यासकास कोड्यात टाकल्याखेरीज राहत नाही. 'कोअर ड्युओ टी२३००' या प्रोसेसरची गती १.६६ गिगाहर्ट्झ अशी नोंदलेली आढळते. परंतु त्याच्या दोन वर्षे अगोदर, म्हणजे २००४ साली, त्याच कंपनीचा ३.४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ दुकानात मिळत होता. केवळ आकडे प्रमाण मानले, तर दोन वर्षांत गती निम्म्यावर आली असा निष्कर्ष काढावा लागेल. आणि प्रत्यक्ष अनुभव तर याच्या उलट होता. हे कोडे कसे निर्माण झाले व ते कसे सोडवावयाचे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या घटनेचा जो वृत्तान्त सामान्यतः सांगितला जातो तो असा : एका तुकड्यावर मावणाऱ्या ट्रान्झिस्टरांची संख्या नियमितपणे वाढत जाईल, असे गॉर्डन मूर यांनी १९६५ साली लिहून ठेवले होते, तशी ती वाढत गेली, जागा शिल्लक राहू लागली आणि तीत दुसरा गाभा बसविण्यात आला. हा वृत्तान्त असत्य नाही, पण अपुरा आहे. ट्रान्झिस्टरांच्या विपुलतेने दुसरा गाभा शक्य झाला. तो आवश्यक मात्र दुसऱ्याच कारणाने झाला. ते कारण म्हणजे एका मोठ्या योजनेला आलेले अपयश. दोन गाभ्यांच्या प्रोसेसरचा इतिहास हा बऱ्याच अंशी एका माघारीचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

२

प्रोसेसरचे काम एका घड्याळाच्या ठोक्यांवर चालते. दर सेकंदास पडणाऱ्या ठोक्यांची संख्या म्हणजे त्याची वारंवारता. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास एक अब्ज ठोके. परंतु एका ठोक्यात किती काम होते, हे प्रत्येक रचनेत निराळे असते. म्हणून प्रोसेसरची खरी कार्यशक्ती ही ठोक्यांची संख्या आणि दर ठोक्यास होणारे काम या दोहोंच्या गुणाकाराने ठरते. ग्राहकास यांपैकी पहिलाच आकडा दिसत असे, आणि विक्रीची सारी भाषा त्याच एका आकड्याभोवती रचली गेली होती.

मराठेशाहीच्या आर्थिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास ही स्थिती अपरिचित वाटू नये. चांदवडी रुपया आणि अंकुशी रुपया या दोहोंसही 'रुपया' असेच म्हणत. परंतु हिशेब करताना टांकसाळ पाहून बट्टा लावावा लागे. निरनिराळ्या रचनांच्या गिगाहर्ट्झचेही तसेच आहे. नाव एक, पण मोल वेगळे. एकाच रचनेच्या दोन प्रोसेसरांची तुलना या आकड्यावरून करता येते. दोन भिन्न रचनांची तुलना बट्टा लावल्यावाचून करणे ही अभ्यासाची चूक होय.

२००० सालच्या नोव्हेंबरात आलेल्या पेंटियम ४ ची रचना याच दृश्य आकड्याला वाढविण्याच्या दिशेने केलेली होती. प्रत्येक सूचनेचे काम लहान लहान टप्प्यांत विभागून, एकामागून एक सूचना त्या टप्प्यांतून पुढे सरकविण्याच्या व्यवस्थेला पाइपलाइन म्हणतात. टप्पे जितके अधिक, तितके प्रत्येक टप्प्याचे काम थोडे, आणि तितके घड्याळ जलद चालविता येते. पेंटियम ३ मध्ये हे टप्पे सुमारे १० होते. पेंटियम ४ मध्ये ते २० झाले, आणि २००४ च्या फेब्रुवारीत आलेल्या त्याच्या 'प्रेस्कॉट' या आवृत्तीत ३१ झाले. परंतु या लांबीची किंमत द्यावी लागे. प्रोग्राममध्ये वाट फुटते त्या जागी प्रोसेसर पुढील वाटेचा अगोदरच अंदाज बांधतो. तो अंदाज चुकला, तर पाइपलाइनमध्ये शिरलेले सारे काम टाकून द्यावे लागते. पाइपलाइन जितकी लांब, तितके हे नुकसान मोठे. वारंवारता सतत वाढत राहील आणि ती या नुकसानीची भरपाई करील, या गृहीतावर ती सर्व रचना उभी होती. दहा गिगाहर्ट्झपर्यंत जाण्याची भाषा त्या काळी उघडपणे केली जात असे.

३

हे गृहीत अगदीच निराधार होते असे म्हणता येणार नाही. १९७४ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी असे दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टरची मापे ज्या प्रमाणात लहान करावी त्याच प्रमाणात विद्युतदाबही कमी केला, तर तेवढ्याच क्षेत्रफळात अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालवूनही दर चौरस मिलिमीटरची उष्णता वाढत नाही. जवळजवळ तीन दशके या नियमाने उद्योगाला साथ दिली. मूर यांचा नियम सर्वतोमुखी झाला. त्याला टिकवून धरणारा डेनार्ड यांचा नियम मात्र उपेक्षितच राहिला. तो ढासळला तेव्हाच त्याचे महत्त्व लोकांच्या ध्यानात आले.

तो ढासळण्याचे कारण असे. विद्युतदाब एका मर्यादेखाली नेला की ट्रान्झिस्टर पुरता 'बंद' होईनासा होतो. बंद असतानाही त्यातून प्रवाह झिरपत राहतो. या गळतीमुळे दाब पूर्वीच्या प्रमाणात उतरविता येईना. प्रेस्कॉट ज्या ९० नॅनोमीटर पद्धतीने बनविला गेला, तिच्यात हा दोष उघड झाला. मापे लहान होऊनही उष्णता घटण्याऐवजी वाढली; त्या मालिकेतील सर्वांत जलद प्रोसेसरांसाठी ११५ वॅट उष्णता बाहेर टाकण्याची सोय करावी लागे. या संकटाची चाहूल अगोदर लागलेली होती. २००१ च्या फेब्रुवारीत इंटेलचेच पॅट गेलसिंगर यांनी अभियंत्यांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत, प्रोसेसरांची उष्णता-घनता याच गतीने वाढत राहिल्यास ती अणुभट्टीच्या पातळीस पोहोचेल, असा इशारा दिला होता.

२००४ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. मे महिन्यात प्रेस्कॉटचा नियोजित वारस 'तेजस' रद्द करण्यात आला. ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेतही सोडून देण्यात आला. ती मालिका ३.८ गिगाहर्ट्झवरच थांबली. एका विशिष्ट आकड्याच्या उंबरठ्यावरून मागे फिरण्याची ही घटना, माघारीचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणून नोंदली पाहिजे.

४

माघार घ्यावयाची तर मागे उभे राहण्यास जागा असावी लागते. ही जागा कंपनीच्या मुख्य प्रवाहात नव्हती. ती इस्रायलमधील हैफा येथे तयार झाली होती. तेथील रचनाकेंद्र १९७४ साली स्थापन झालेले असून, अमेरिकेबाहेरील इंटेलचे ते पहिलेच रचनाकेंद्र होय. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये वापरला गेलेला ८०८८ हा प्रोसेसर तेथेच आकारास आला होता. २००० साली या केंद्राचा 'टिमना' नावाचा, स्वस्त संगणकांसाठीचा प्रकल्प बाजारात येण्यापूर्वीच रद्द झाला. त्यानंतर या चमूकडे जे काम आले ते केवळ लॅपटॉपसाठी प्रोसेसर रचण्याचे होते, आणि मूली एडन हे त्याचे नेतृत्व करीत होते.

लॅपटॉपच्या रचनाकारास उष्णतेचा प्रश्न भविष्यकाळातला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून समोर उभा होता. बॅटरीची शक्ती मोजकी, आणि उष्णता बाहेर टाकण्यास जागा अपुरी. २००३ मध्ये विकल्या जाणाऱ्या काही मोबाइल पेंटियम ४ प्रोसेसरांची उष्णता ७० वॅटच्या घरात होती, आणि ते ज्यांत बसविले जात ते लॅपटॉप जाड व जड असत. या मर्यादेतून हैफाच्या चमूने पेंटियम ४ चा मार्ग बाजूस ठेवला आणि १९९५ च्या पेंटियम प्रोपासून पेंटियम ३ पर्यंत चालत आलेली, कमी टप्प्यांची जुनी रचना पुन्हा हाती घेतली. तिच्यात त्यांनी पुष्कळ सुधारणा केल्या. वाटेचा अंदाज बांधणारी यंत्रणा अधिक अचूक केली, कारण चुकीच्या वाटेवर केलेले काम म्हणजे वाया गेलेली वीज होय. सूचनांच्या अंतर्गत तुकड्यांपैकी काही जोडीजोडीने हाताळण्याची युक्ती योजिली. काम नसेल तेव्हा वारंवारता आणि विद्युतदाब दोन्ही उतरविण्याची सोय अधिक बारकाईची केली.

२००३ च्या मार्चमध्ये हा प्रोसेसर 'पेंटियम एम' या नावाने आला. 'बनियास' हे त्याचे सांकेतिक नाव. त्यात ७ कोटी ७० लाख ट्रान्झिस्टर होते आणि त्याची उष्णता २४.५ वॅट इतकीच धरलेली होती. १.६ गिगाहर्ट्झचा पेंटियम एम नेहमीच्या अनेक कामांत २.४ गिगाहर्ट्झच्या मोबाइल पेंटियम ४ च्या बरोबरीला उतरत असे. येथे कंपनीपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. ज्या आकड्याची थोरवी तिने स्वतः वर्षानुवर्षे गायिली, तोच आकडा आता तिच्या उत्तम मालास कमीपणा आणू लागला. 'सेन्ट्रिनो' या नावाखाली प्रोसेसर, त्याचे साहाय्यक संच आणि बिनतारी जोडणी एकत्र विकण्याचा उपक्रम त्याच महिन्यात सुरू झाला. लक्ष गिगाहर्ट्झवरून बॅटरीच्या तासांकडे व बिनतारी सोयीकडे वळविणे, हा त्याचा एक परिणाम निश्चितच होता. पुढे २००४ मध्ये कंपनीने वारंवारतेऐवजी क्रमांक वापरून प्रोसेसर ओळखण्याची पद्धत सुरू केली. 'टी२३००' हे नाव त्याच पद्धतीचे अपत्य आहे. पुढच्या काळात लॅपटॉपच्या प्रोसेसरांत 'टी', 'एल' आणि 'यू' ही आद्याक्षरे वीजवापराच्या उतरत्या श्रेणी दर्शवू लागली. जुने प्रोसेसर ओळखताना हे अक्षर प्रथम पाहावे.

५

एका गाभ्याऐवजी दोन गाभे का, याचे उत्तर थोड्या गणिताने स्पष्ट होते. प्रोसेसर चालताना खर्च होणारी वीज ही वारंवारता आणि विद्युतदाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. वारंवारता उतरविली म्हणजे दाबही उतरविता येतो. समजा, दोन्ही २० टक्क्यांनी कमी केले. मग वीज ०.८ चा घन, म्हणजे सुमारे ०.५१ इतकी उरते. अर्ध्या विजेत ८० टक्के गती! असे दोन गाभे शेजारी ठेवले तर वीज जवळजवळ पूर्वीइतकीच लागते, आणि एकूण कार्यशक्ती मात्र १.६ पट होते. वारंवारता वाढविण्याचा हिशेब नेमका याच्या उलट चालतो. थोड्या गतीसाठी फार वीज मोजावी लागते. हे गणित सर्वत्र इतके स्वच्छ उतरत नाही, कारण गळती आणि स्मृतीचा खर्च त्यात धरलेला नाही. तथापि निर्णयाची दिशा त्यावरून समजते.

एका तुकड्यावर दोन गाभे ही कल्पना नवी नव्हती. आयबीएमने २००१ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी 'पॉवर ४' मध्ये ती अमलात आणली होती. २००५ च्या वसंतात इंटेल आणि एएमडी या दोघांनीही मेजावरील संगणकांसाठी दोन गाभ्यांचे प्रोसेसर काढले. परंतु इंटेलच्या त्या 'पेंटियम डी'त प्रेस्कॉटच्याच घराण्यातील दोन गाभे शेजारी मांडलेले होते. त्यांना परस्परांशी देवघेव करावयाची तर ती तुकड्याबाहेरील मार्गाने होई, आणि त्याच्या जलद आवृत्तींची उष्णता १३० वॅटपर्यंत जाई.

योनाची रचना प्रारंभापासून जोडीचा विचार करून केलेली होती. ६५ नॅनोमीटर पद्धतीने बनविलेल्या या प्रोसेसरात १५ कोटी १० लाख ट्रान्झिस्टर होते. त्यातील २ मेगाबाइटची कॅश स्मृती, म्हणजे वारंवार लागणारी माहिती जवळ ठेवण्याची जागा, दोन्ही गाभ्यांची सामाईक होती. एक गाभा स्वस्थ असेल तर दुसऱ्यास ती सारी वापरता येई, आणि एकाने आणलेली माहिती दुसऱ्यास तेथेच मिळे. दोन्ही गाभ्यांसह त्याची उष्णता ३१ वॅट धरलेली होती. म्हणजे ११५ वॅटच्या प्रेस्कॉटच्या जवळजवळ चतुर्थांश. प्रारंभी दिलेल्या कोड्याचे उत्तर येथे मिळते. १.६६ हा आकडा दर ठोक्यास अधिक काम करणाऱ्या एका गाभ्याचा आहे. असे गाभे दोन आहेत. आणि हे सारे मांडीवर ठेवता येईल एवढ्या उष्णतेत घडत आहे.

अॅपलने १९९४ पासून चालवीत आणलेली पॉवरपीसी प्रोसेसरांची परंपरा सोडण्याचा निर्णय २००५ च्या जूनमध्ये जाहीर केला. त्या वेळी स्टीव्ह जॉब्झ यांनी दर वॅटमागे मिळणारी कार्यशक्ती हेच आपल्या निर्णयाचे मुख्य कारण म्हणून सांगितले. त्या निर्णयाचे पहिले संगणक २००६ च्या जानेवारीत कोअर ड्युओ घेऊनच आले. मोजमापाचे परिमाणच बदलल्याची ही स्पष्ट साक्ष आहे.

जुलैमधील 'कोअर २ ड्युओ', सांकेतिक नाव 'मेरोम', याने हे स्थित्यंतर पुरे केले. २९ कोटी १० लाख ट्रान्झिस्टर, ४ मेगाबाइटपर्यंत सामाईक कॅश, आणि दर ठोक्यास तीनऐवजी चार सूचना हाताळण्याची क्षमता असूनही त्याची उष्णता ३५ वॅटच्या आतच राहिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हीच रचना त्याच वर्षी मेजावरील संगणकांत व सर्व्हरांतही गेली. लॅपटॉपसाठी, म्हणजे दुय्यम समजल्या गेलेल्या गरजेसाठी, वाढविलेल्या शाखेने मूळ खोडाची जागा घेतली.

६

या माघारीचा भार कोणी उचलला, हाही प्रश्न इतिहासकाराने विचारला पाहिजे. वारंवारता वाढत होती तोवर जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर आपोआप जलद चाले. त्यासाठी लिहिणाऱ्यास काही करावे लागत नसे. दुसरा गाभा मात्र आपोआप उपयोगी पडत नाही. काम विभागून द्यावे लागते. जीन अॅमडाल यांनी १९६७ सालीच याची मर्यादा दाखविली होती. एखाद्या कामाचा ९० टक्के भाग विभागता येत असेल, तर दोन गाभ्यांवर ते १.८२ पट जलद होते. ५० टक्केच विभागता येत असेल, तर केवळ १.३३ पट. हर्ब सटर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात प्रोग्राम लिहिणाऱ्यांना असे बजावले की, विनासायास मिळणाऱ्या गतीचा काळ संपला आहे.

काम विभागण्याची विद्या तोपर्यंत मुख्यतः मोठ्या संगणकांच्या प्रयोगशाळांपुरती होती. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ साली सिद्ध केलेला 'परम ८०००' हा अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच चालत असे, आणि त्यासाठी प्रोग्राम वेगळ्या विचाराने लिहावे लागत. जी अडचण तेथील मोजक्या तज्ज्ञांची होती, ती २००६ नंतर प्रत्येक प्रोग्राम लिहिणाऱ्याची झाली. म्हणूनच प्रारंभीच्या वर्षांत दुसऱ्या गाभ्याचा लाभ एखादे काम लवकर संपण्यात फारसा दिसला नाही. तो दिसला तो यंत्र अडखळेनासे होण्यात. विषाणू-शोधक प्रोग्राम एका गाभ्यावर चालू असता, दुसऱ्यावर लेखनाचे काम सुखाने चाले. रचनाकारांपुढचा उष्णतेचा प्रश्न अशा रीतीने सुटला नाही, तर बव्हंशी दुसऱ्यांच्या हाती गेला.

७

शेवटी 'जुना' या शब्दाचा विचार केला पाहिजे. योनाने आपल्या घराण्याचा एक दोषही वारशाने घेतला : तो ३२ बिटांचाच होता. एएमडीने २००३ साली आणलेला ६४ बिटांचा विस्तार समकालीन पेंटियम ४ मध्ये येऊन गेला होता. जुन्या शाखेतून आलेल्या योनात तो नव्हता. मेरोममध्ये तो आला. दोहोंच्या जन्मात सहा महिन्यांचे अंतर, पण दोहोंचे आयुष्य या एका भेदाने निराळे झाले. अॅपलने २००६ मध्ये कोअर ड्युओसह विकलेल्या संगणकांवर २०११ च्या जुलैमधील 'लायन' ही प्रणाली चढेना. मेरोमच्या संगणकांवर ती चढली. विंडोज ११ ही २०२१ साली केवळ ६४ बिटांच्या स्वरूपात आली. ३२ बिटांची आवृत्ती असलेल्या विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ ने ३२ बिटांच्या पीसीवर प्रणाली नव्याने बसविण्याची सोय काढून घेतली. मेरोमही यातून कायमचा सुटला असे नाही. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीने ज्या काही सूचना आवश्यक ठरविल्या, त्या 'कोअर २' पिढीत नव्हत्या.

यांपैकी एकाही प्रसंगी त्या सिलिकॉनच्या तुकड्यात काही झिजले नव्हते. तो पूर्वीइतक्याच गतीने, पूर्वीचीच कामे करू शकत होता. त्याचे जुनेपण त्याच्या बाहेर, इतरांच्या निर्णयांत घडले. त्या निर्णयांना सबळ कारणे होती. ३२ बिटांची निगा राखण्यास माणसे व वेळ लागतो, हे नाकारता येत नाही. परंतु असा लॅपटॉप भंगारात काढताना, तो अशक्त झाला म्हणून काढीत आहोत की त्याच्याशी बोलणारे कोणी उरले नाही म्हणून, हा भेद नोंदविणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. जेथे ६४ बिटांची सोय आहे, तेथे हलकी लिनक्स प्रणाली बसवून लेखन-वाचनाचे काम आजही चालविता येते. म्हणजे हा भेद केवळ शाब्दिक नाही.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सांगता येतील. दोन गाभ्यांचा प्रोसेसर ट्रान्झिस्टरांच्या विपुलतेने शक्य झाला, पण उष्णतेच्या मर्यादेने आवश्यक झाला. त्याचे यशस्वी रूप अग्रभागी असलेल्या रचनेतून आले नाही; बाजूस पडलेल्या आणि अडचणीत काम करणाऱ्या एका शाखेतून ते आले. आणि त्याच्यावर छापलेला आकडा हा त्याच्या शक्तीपेक्षा, त्या त्या काळी काय मोजणे विक्रेत्यांना सोयीचे होते, याचा पुरावा म्हणून अधिक विश्वसनीय आहे. तंत्रविद्येच्या इतिहासाची साधने म्हणून अशी माहितीपत्रके यापुढे अभ्यासकांच्या हाती वाढत्या संख्येने येतील. ती वाचताना, नाणे हाती घेतल्यावर जी सावधगिरी आपण बाळगतो, तीच बाळगली पाहिजे.